पोलिशचा हिवाळा

मंगळवारी शाळेतून परतताना भाजीबाजारात भरताची वांगी दिसली. हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक अर्ध्या किलोची. म्हणजे थंडी आली. आता दर रविवारी कोणाच्या तरी मळ्यात, नाहीतर कॉलनीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटणार, वांगी काळी होईस्तोवर भाजणार आणि तो धूर घराघरात शिरणार. जळगावच्या माणसाला त्या धुराने भूक लागते. मला थकवा येतो. खरंच सांगते, पायांतून वर चढतो तो थकवा. आणि तोंडात आपोआप पोलिश शब्द येतात.

पोलिश म्हणजे पोलंड देशाची भाषा. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे आठवड्यातून तीन संध्याकाळी तिच्या क्लासला जात होतो. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, हे एकावन्न. क्लास रिंग रोडवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर. खाली रबराचा वास, मागच्या गल्लीत भरीत करून विकणाऱ्याची भट्टी, आणि दोन्ही वासांच्या मधोमध चौदा मोठी माणसं लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे आवळून बसलेली. दुकानात नट उघडायचं मशीन सुरू झालं की मॅडमचा आवाज बुडायचा. मग आम्ही नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहायचो. ते बंद झालं की मॅडम विचारायच्या, "समजलं?" आणि आम्ही सगळे हो म्हणायचो.

मॅडम धुळ्याच्या. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, चार वर्षं तिकडे शिकून आलेली. वडील आजारी पडले म्हणून परतली ती कायमची. क्लासच्या दिवशी दुपारच्या एसटीने पारोळा-एरंडोल करत धुळीने माखून यायची, मुक्कामाला तिच्या मावशीकडे जायची. तिला आम्ही सगळे मॅडम म्हणायचो आणि ती आम्हाला भाऊ, ताई, नाना. रावेरचे एक नाना होते, केळीच्या ट्रकवर आयुष्य काढलेले. त्यांना तिकडे मोठी गाडी चालवायला जायचं होतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मॅडम, गाडी डिझेलवर चालते, भाषेवर नाही. मला फक्त 'डावीकडे' आणि 'जेवण कुठे मिळेल' एवढं शिकवा."

मला मात्र कुठेच जायचं नव्हतं. म्हणजे, तेव्हा असं मला वाटत होतं. जायचं होतं ह्यांना. एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणायच्या कारखान्यात हे वीस वर्षं मशीनवर होते. कारखाना बंद झाला. त्यानंतर आठ महिने हे ओट्यावर बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत होते. दाढी करायचे बंद झाले होते. मग कोणीतरी सांगितलं की पोलंडमध्ये सफरचंदांच्या पॅकिंगला माणसं घेतात, थोडी भाषा येत असली की आधी घेतात. क्लासचं नाव काढल्याबरोबर ह्यांचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी असतो तसा झाला. ह्यांचं गाव पारोळ्याकडचं, घरात बोलणं सगळं अहिराणी. मला म्हणाले, "तू बी चाल मनासंगे. माले एकलाले लाज वाटस."

म्हणून मी गेले. सोबत म्हणून. लग्नाआधी वरणगावला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आई मला धाकट्या भावासोबत असंच दवाखान्यात पाठवायची. इंजेक्शन त्याला, पण उभं राहायचं मी.

त्या दिवसांचं वेळापत्रक आठवलं तरी अंग दुखतं. मी खाजगी शाळेत तिसरीला शिकवते. साडेदहा ते पाच शाळा. घरी येऊन अक्कांचा चहा. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, गावात आणि घरात सगळ्यांच्याच अक्का. मग त्यांच्या गुडघ्यांना तेल, कुकर, भाकऱ्या, निखिलला, म्हणजे आमच्या मुलाला, अभ्यासाला बसवणं. त्याचं बारावीचं वर्ष होतं. पावणेसातला साडी तशीच ठेवून वर स्वेटर चढवायचा आणि स्कूटरवर मागे बसायचं. रस्ताभर मी वही उघडून ह्यांना शब्द विचारायची. पहिल्या चौकापर्यंत उत्तरं यायची. दुसऱ्या चौकात हे म्हणायचे, "आते गाडी चालवू दे."

चाळिशीनंतर शिकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी स्वतःच पालकसभेत कितीदा आयांना सांगितलं असेल. त्या बिचाऱ्या मुलांचा अभ्यास घेता येत नाही म्हणून रडायच्या आणि मी त्यांना हे ऐकवायची. आता माझ्यावरच वेळ आली होती. सोमवारी शिकलेलं बुधवारी जायचं. आकडे तर महिनाभर डोक्यात टिकले नाहीत. पण एक मजा होती. आपल्या चहातला च आणि चमच्यातला च जसे दोन वेगळे, तसे तिकडे तीन-चार आहेत. मॅडम म्हणायच्या, पुण्याच्या क्लासमध्ये परप्रांतीय मुलांच्या जिभा वळायला दोन महिने लागतात, तुमच्या दोन दिवसांत वळल्या. हे ऐकून नानांनी सगळ्यांना भरीत-पुरी खिलवली होती.

पहिल्या आठवड्यातला एक धडा मी विसरणार नाही. घरच्यांची ओळख करून द्यायची. माझी पाळी आली. मुलाचं नाव सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. मग वाक्य होतं, माझ्या नवऱ्याचं नाव अमुक आहे. मी थांबले. बावीस वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नव्हतं. उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. शाळेच्या कागदांवर लिहिते, बँकेत लिहिते, पण उच्चारत नाही. आमच्या घरात तशी रीतच. मॅडमना वाटलं मला वाक्य येत नाही. त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं. क्लासमध्ये एक नर्सबाई होती, पहूरची, ती हळूच म्हणाली, "मॅडम, ताईंना वाक्य येतंय हो. नाव येत नाहीये." सगळे हसले. हे सुद्धा मान खाली घालून हसत होते. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, "मूय मोंश मा ना इम्ये भगवान." कान गरम झाले होते माझे. घरी येताना स्कूटरवर ह्यांनी एकही शब्द विचारू दिला नाही, पण गाडी फार हळू चालवली.

हळूहळू मला ते आवडायला लागलं, हे कबूल करायला हवं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, डाळ, सगळं पोलिशमध्ये. अक्कांना वाटलं, घराला कोणीतरी काही केलंय आणि हा त्यावरचा उतारा आहे. त्या रोज एकेका डब्याला नमस्कार करायच्या. मी खरं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मंग माले बी शिकाड." आठ दिवसांत त्या दूधवाल्याला 'जेन दोब्री', म्हणजे नमस्कार, म्हणायला लागल्या. दूधवाल्याला वाटलं म्हातारी दुधाला नावं ठेवतेय.

मला का आवडत होतं, याचा मी पुढे खूप विचार केला. एक कारण असं की वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत आले होते. आता कोणीतरी माझी वही तपासत होतं. लाल पेनाने खुणा करत होतं, 'छान' लिहीत होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या 'छान'ने मला घरी जाताना गार वारा लागायचा नाही. एकदा गृहपाठ होता, तुम्हाला काय हवंय यावर पाच वाक्यं. मी लिहिलं, मला झोप हवी आहे. मला नवीन चष्मा हवा आहे. मुलाला चांगले मार्क हवे आहेत. नवऱ्याला काम हवं आहे. पाचवं वाक्य सुचेना. मग हाताने आपोआप लिहिलं, मला जायचं आहे. मी ते खोडणार होते, पण चूक नव्हती म्हणून राहू दिलं. मॅडमनी पाचही वाक्यांना बरोबर दिलं आणि फक्त पाचव्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

डिसेंबरात त्या सफरचंदवाल्या कंपनीची मुलाखत ठरली. मॅडमच्या लॅपटॉपवर, क्लासमध्येच. किमान बारा नावं लागणार होती आणि भरत होती अकरा. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचाही फॉर्म टाकते. आकडा पुरा होईल." मी हो म्हटलं. दोन्ही फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ई-मेल माझेच होते, ह्यांना ई-मेल नव्हता.

मुलाखतीला हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर एक बाई, एक माणूस. त्यांनी विचारलं, याआधी काय काम केलंत? हे उत्तर ह्यांनी पंधरा दिवस घोकलं होतं. पण तोंडातून आवाज निघेना. कॅमेऱ्याकडे पाठ करून, माझ्याकडे वळून म्हणाले, "बठ्ठं इसरी गऊ मी." सगळं विसरले होते. मी मागच्या खुर्चीवर होते. शाळेत तपासणीला साहेब येतात ना, तेव्हा मुलांच्या मागे उभं राहून ओठ न हलवता उत्तरं पुरवायची आम्हा मास्तरणींना सवय असते. साहेबांनाही माहीत असतं, ते कानाडोळा करतात. मी तसंच केलं. मी पुटपुटले, हे बोलले. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा तसंच. तिसऱ्याला मला भान राहिलं नाही आणि मी पूर्ण वाक्य मोठ्याने बोलून मोकळी झाले.

पडद्यावरची बाई हसली. मागे कोण बोलतंय म्हणून तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, पत्नी आहेत, त्यांचाही फॉर्म आहे. बाई म्हणाली, मग त्यांनाच समोर येऊ द्या. हे उठले, मी त्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची गरम होती. पुढे मी काय बोलले ते नीट आठवत नाही. शाळेचं, अक्कांचं, वांग्याच्या भरताचंही काहीतरी बोलले. बोलताना दमले नव्हते, एवढं पक्कं आठवतं.

दोन आठवड्यांनी मेल आला. मी शाळेत मुलांना खिचडी वाढत होते. हातात पळी तशीच धरून वाचला. माझी निवड झाली होती. ह्यांचं नाव प्रतीक्षा यादीत, एखादी जागा रिकामी झाली तर.

त्या संध्याकाळी घरी आले तर हे ओट्यावर कोणाचा तरी मिक्सर उघडून बसलेले. दाढी वाढलेली. न बघताच विचारलं, "काही उनं का?" मी म्हटलं, "अजून काही नाही आलं." चार दिवस मी हेच सांगत होते. माझ्या पोटात आनंद होता, हे मी कोणापासून लपवू. भाकरी थापताना मी एकटीच हसायची. आणि मग ओट्यावरचं ते पाठीमागून दिसणारं डोकं बघायची. वर्षभरात त्या माणसाला कोणीही हो म्हटलेलं नव्हतं. आता त्याला जाऊन सांगायचं की तिथेही नाही म्हणालेत, आणि जिला फक्त सोबत म्हणून नेली होती तिला हो म्हणालेत.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही आधी जा. वर्षभरात भाऊंनाही बोलावता येईल. नीट विचार करा." मी सांगितलं, निखिलची बारावी आहे, अक्कांना कोण बघेल. दोन्ही खरी कारणं. तिसरं सांगितलं नाही, पण त्या मुलीला समजलं असावं. मग मी स्वतःच कंपनीला मेल लिहिला की मी येऊ शकत नाही, माझी जागा माझ्या पतीला द्यावी, ते फार कष्टाळू आहेत. पाठवण्याआधी मॅडमना दाखवला. त्यांना एकही चूक सापडली नाही. त्यांनीही कंपनीशी बोलून शब्द टाकला आणि जागा ह्यांना मिळाली.

ह्यांना सांगितलं, तुमचं झालं, माझं नाही. हे कितीतरी महिन्यांनी हसले. उठले, आरशासमोर गेले आणि दाढीला साबण लावला. मग साबण लावलेल्या तोंडानेच माझी समजूत काढली, "जाऊ दे. तुनं काय आडेल शे तठे?" माझं काय अडलंय तिकडे. मला फार लागलं ते. इतकं की मी मोरीत जाऊन उगाच दोन घागरी पाणी ओतून आले. पण बोलणार काय, मीच तर ठरवलं होतं. आपल्या हाताने केलेल्याची तक्रार कोणाकडे करायची.

हे गेले त्याला आता तिसरं वर्ष. तिकडच्या एका लहान गावात सफरचंदं निवडतात, खोक्यात भरतात. काम चांगलं करतात, पण भाषा 'दोब्झे'च्या पुढे गेली नाही. दोब्झे म्हणजे बरं, ठीक. कोणी काही बोललं की हे दोब्झे म्हणतात आणि मला फोन लावतात. खोकला झाला तेव्हा औषधवाल्याशी मीच बोलले, हातात लाटणं होतं. फोडणीच्या धुराने खोलीतला भोंगा वाजला तेव्हा घरमालकीणबाईंची माफी मीच मागितली. त्या बाई सत्तरीच्या, आता अधूनमधून नुसत्याच मला फोन लावायला लावतात. माझे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत आहे, त्यांची सून बोलत नाही हे मला माहीत आहे. मी न पाहिलेल्या गावात मला ओळखणारी पाच-सहा माणसं आहेत. शाळेतून दमून यावं, चपला काढाव्यात आणि फोन वाजावा. हे म्हणतात, "हाई देख, काय म्हनस ते." मग मी पर्स खांद्यावर ठेवूनच पोलिश बोलते. कधीकधी इतकं दमायला होतं की वाटतं हा फोन उचलूच नये. पण मी उचलला नाही तर तो माणूस तिथे दोब्झे म्हणत उभा राहील.

अक्का आता अंथरुणाला खिळल्यात. निखिल नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. मी तीन वर्षांत ते गुपित कोणाला सांगितलं नाही. मॅडमचं लग्न झालं, त्या नागपूरला गेल्या, त्यांच्याबरोबर तेही गेलं असं मी धरून चालले होते.

परवा शनिवारी चार वाजता फोन वाजला. हे कंपनीच्या ऑफिसात होते, कराराचं नूतनीकरण करायला. टेबलामागे नवीन बाई होती. हे म्हणाले, "बठ्ठं झायं, पन हाई बाई फाईल दखाडी ऱ्हायनी, काहीतरी इचारी ऱ्हायनी. माले समजत नही." फोन स्पीकरवर ठेवला. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. बाई म्हणाली, अच्छा, तुम्हीच का. या फाईलमध्ये तुमचं नाव वर आहे आणि तुमच्या पतींचं खाली. तुमची निवड आधी झाली होती. मी तुमच्या पतींना तेच विचारतेय, की मग तुम्ही का आला नाहीत.



"काय म्हनस ती?" ह्यांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. ती म्हणतेय तुमचं काम चांगलं आहे, असं सांगितलं असतं तर हे खूश होऊन दोब्झे म्हणाले असते आणि बाहेर पडले असते. पण मी दमले होते. तीन वर्षं प्रत्येकाचं बोलणं मी जसंच्या तसं पोचवत आले होते, औषधवाल्याचं, मालकीणबाईंचं, मुकादमाचं. आता एका वाक्यासाठी नवीन खोटं रचायचं बळ माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, "ती विचारतेय, आधी तुमच्या बायकोला निवडलं होतं, मग ती का आली नाही."

 त्या ऑफिसात कुठेतरी प्रिंटर चालू होता, त्याचा आवाज येत होता. बाई दोनदा हॅलो म्हणाली. हे रागावतील असं मला वाटलं होतं, पण तसं बोलले नाहीत.

"तिले इचार, आते जागा शे का."

मी विचारलं. शब्द बरोबर आले. बाईने काहीतरी उलटलं-पालटलं आणि म्हणाली, वसंतात निवडायच्या कामाला बायका लागतातच, कागद पाठवा, मी बघते. तेही मी जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "मंग मी येस अक्काजोडे. हाऊ करार ऱ्हाऊ दे. तू ये आठे." म्हणजे करार सोडून हे अक्कांजवळ येणार आणि मी तिकडे जायचं.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. पण आधी राग आला. एकोणपन्नासाव्या वर्षी, गुडघे गेल्यावर, हे आता सुचतंय का, असं ओरडावंसं वाटलं. मग रडू आलं. आतून अक्कांनी हाक मारली, कोणाचा फोन म्हणून विचारलं.  मी डोळे पदराने पुसले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, तिला सांगा, कागद पाठवते म्हणून."

"माले कोठे येस?" हे म्हणाले. "तूच सांग."

मग मीच सांगितलं.